पात्यावरचा लिंबाचा डाग

केशवदादांना मी शेवटचं पाहिलं ते सॅनटोरियमच्या काचेच्या व्हरांड्यात. समोर फरची झाडं उतारावरून खाली जात जात धुक्यात नाहीशी होत होती, आणि आरामखुर्चीत पडलेल्या दादांचा श्वासही तसाच चालला होता... थोडा दिसायचा, थोडा नाहीसा व्हायचा. अंगावर करडी घोंगडी होती आणि घोंगडीबाहेर फक्त हात. हात मात्र जुनेच होते. रुंद मनगटं, आणि बोटांच्या पेरांत लोखंडाची ती काळी रेघ, जी कुठल्याच साबणाने कधी गेली नाही.

"हल्ली जोर किती काढतोस?" त्यांनी विचारलं.

"चाळीस."

"खरं सांग, पदवीधर."

"पंचवीस."

"म्हणजे पंधरा," असं म्हणून ते हसले, आणि मग ते हसू बराच वेळ खोकल्यात अडकून पडलं.

त्या दिवशी मी एक प्रश्न घेऊन गेलो होतो. स्टुटगार्टहून निघालेल्या गाडीत तो मी मनात पुन्हा पुन्हा जुळवला होता. दादा, तुम्ही माझ्यामुळे या देशात अडकून पडलात का? एवढाच प्रश्न, पण दहा-अकरा वर्षं तो मी बाळगून होतो. तेवढ्यात नर्स थर्मामीटर घेऊन आली, दादांनी आज्ञाधारक मुलासारखं तोंड उघडलं, आणि मी स्वतःशी म्हटलं, पुढच्या वेळी. तीन आठवड्यांनी स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला माझ्या ऑफिसात सुशीलावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले. सकाळी चहा मागितला, मी कप भरला, आणि..." पुढे फक्त तारेची घरघर ऐकू येत राहिली. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

केशव मोहिते हे नाव वाचकांपैकी फारसं कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. साताऱ्याला त्यांच्या वडिलांची तालीम होती. लाल मातीत लोळत आणि दांडपट्टा फिरवत ते मोठे झाले. मॅट्रिकनंतर पुस्तकात मन रमेना, ते रमलं पात्यात. तलवार कुणी गाजवली यापेक्षा ती कुणी घडवली, धार कशी धरली, वाकवली तर सरळ कशी होते, याचं त्यांना वेड होतं. त्या वेडापायी ते जर्मनीतल्या झोलिंगेनला येऊन पोचले. सुऱ्या, कात्र्या आणि तलवारींचं हे गाव वुपर नदीच्या अंगाखांद्यावर वसलेलं आहे. काम शिकायचं, कारागिरीची परीक्षा द्यायची, आणि परत जाऊन तालमीच्या मागच्या छपरात आपला कारखाना काढायचा, असा बेत होता. वडिलांनी छप्पर झाडून ठेवलं होतं, तसं पत्रही आलं होतं.

मी त्याच सुमारास आखेनला धातुशास्त्राच्या संशोधनासाठी आलो. माझे वडील विट्याच्या शाळेत शिपाई. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, त्यामुळे मला पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी उचलू दिला नव्हता. एका ओळखीच्या गृहस्थांनी दादांचा पत्ता दिला, आणि पहिल्याच भेटीत दादांनी माझ्यापुढे कांदा आणि सुरी ठेवली. मी सुरी पेन्सिलीसारखी धरली. त्यांनी ती काढून घेतली नाही. नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "पोलादावर प्रबंध लिहितोस ना रे तू? मग त्याची ओळख तरी करून घे." त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी मी 'पदवीधर' झालो तो कायमचा.

त्यांची खोली नदीकाठच्या एका जुन्या घरात होती, आणि घराला लागूनच पाणचक्कीवर चालणारी, पात्यांना धार लावायची कोठी होती. तिचा मालक म्हातारा योहान. त्या कोठीची आठवण आता मला पूर्ण जागेपणी येतच नाही. डोळे मिटत आले की येते. बाहेर लाकडी चाक संथ फिरतंय, आत माणसाच्या उंचीचे ओले दगड घुमताहेत, खिडक्यांच्या काचांवर पिवळट चिखलाचे शिंतोडे, आणि त्या अर्ध्या उजेडात दादा ओणवे होऊन पातं दगडाला असं टेकवताहेत, जसं एखाद्याने झोपलेल्या मुलाच्या गालाला गाल लावावा. नदीला वरच्या गावातल्या रंगाच्या कारखान्यांचं पाणी मिळायचं. त्यामुळे ती एखाद्या दिवशी जांभळी वाहायची, एखाद्या दिवशी तांबूस. "आज काय नेसलीय बघ," असं दादा खिडकीतून म्हणायचे.

सकाळी ते विहिरीच्या पंपाखाली आंघोळ करायचे, बर्फ पडत असलं तरी. त्याआधी सूर्यनमस्कार, जोर, बैठका, आणि मग समोरची टेकडी पळत चढणं. "अरे, हा आपला मुलूख नाही," ते मला सांगायचे. "इथं आजारी पडलो तर उशाला बसायला कोण आहे? आपलं अंग हेच आपलं घर. ते झाडून ठेवायचं." मीही त्यांच्या मागे धापा टाकत जायचो. भाकरी थापायला, बूट शिवायला, फाटलेल्या कोटाला अस्तर लावायला आणि सुरी पाजवायला त्यांनीच मला शिकवलं. धारेवर अंगठा कधी उभा फिरवायचा नाही, आडवा... आणि तोही श्वास सोडताना. हे मला कुठल्या प्रयोगशाळेत कळलं नव्हतं.

आणि मग ती खंडेनवमी आली. शनिवार होता. रविवारी दसरा, आणि सोमवारी दादांची परीक्षा. परीक्षेसाठी त्यांनी हातभर लांबीची शिकारी तलवार घडवली होती. पात्याच्या मधोमध एक बारीक पन्हळ, आणि अंग असं की त्यात खिडकीबाहेरचं झाड पानापानाने दिसावं. शुक्रवारी ती तेल चोळून, फडक्यात गुंडाळून त्यांनी कपाटावर ठेवली. मी आखेनहून मुक्कामाला आलो होतो. शनिवारी सकाळी दादा कामाला गेले आणि मला वाटलं, घरी असते तर तालमीत आज हत्यारं मांडली असती, उदबत्त्या लागल्या असत्या. इथं या माणसाचं कोण करणार? मी ती तलवार खाली काढली. तेलकट पात्याला कुंकू धरेना, म्हणून मी ती साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुतली. आईने बांधून दिलेल्या पुडीतली हळद-कुंकवाची बोटं ओढली. तालमीत करतात तसं टोकावर लिंबू खोचलं आणि तलवार टोक वर करून भिंतीशी उभी केली. वरून धुतलेलं उपरणं घातलं. पूजा झालेल्या हत्याराला दिवसभर हात लावायचा नसतो, म्हणून मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दादा आले की डोळे भरून येतील त्यांचे, या आनंदात मी टेकडीवर भटकत राहिलो.

संध्याकाळी दादांनी उपरणं उचललं. आधी त्यांनी हात जोडले, हे मी विसरणार नाही. मग ते खाली बसले. लिंबाचा रस टोकापासून पन्हळीतून निथळत मुठीपाशी येऊन साचला होता. त्याच्या वाटेवर काळी रेघ उमटली होती आणि मुठीजवळ रुपयाएवढा काळा डाग. हळदी-कुंकवाच्या बोटांखाली तपकिरी फुलं उमलली होती. मी धातुशास्त्राचा विद्यार्थी. आम्ल आणि पोलाद यांचं एकमेकांशी काय होतं, हे मी परीक्षेत सोडवलेलं होतं. पण त्या सकाळी माझ्या हातात तलवार नव्हती, देव होता.

"दादा, मी..."

"तेलाची बाटली दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही योहानकडे गेलो. चाक दोन तास फिरलं असतं तरी काम झालं असतं. म्हातारा काळ्या कोटात चर्चला निघाला होता. त्याने पातं हातात घेतलं, डाग पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "हो, हो... वाईट झालं," तो म्हणाला. "पण रविवारी मी पाणी सोडत नाही. माझ्या बापानेही कधी सोडलं नाही." दादांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "काल आपली हत्यारं झोपली, आज त्याचा दगड झोपला. बरोबर आहे त्याचं. चल, हाताने करू."

तो दसरा मी जन्मभर पुरवून वापरतो आहे. अंगणातल्या बाकावर पातं बांधलं होतं, हातात तेलात बुडवलेले छोटे दगड होते, खाली जांभळी नदी वाहत होती. दादा घासत होते, अंगाची लय दंड काढताना असते तशीच. दर अर्ध्या तासाने म्हणायचे, "पदवीधर, आता तुझा हात." माझ्या तळव्याला फोड आले, फुटले. "रडतोस काय रे? पोलादाला खारट पाणी चालत नाही," म्हणाले. एकेक फूल पुसलं जात होतं. रेघ गेली. दुपार कलली, धुकं खालून वर यायला लागलं, आणि मुठीजवळचा डाग निम्म्यावर आला. तेव्हा दादांनी दगड खाली ठेवला. "पुरे."

"अजून उजेड आहे, दादा."

"पुरे म्हटलं ना. आणखी घासलं तर तिथं पातं पातळ होईल."

सोमवारी परीक्षकांनी डागावर बोट ठेवून विचारलं. दादांनी उत्तर दिलं, "चूक माझीच आहे." मंगळवारी मला आखेनला कार्ड आलं : "नापास. पुढच्या वर्षी पुन्हा. रविवारी ये, मेथी उगवली आहे."

मी गेलो, आणि त्या वर्षी जवळजवळ प्रत्येक रविवारी गेलो. आधी अपराधाच्या भावनेने, मग सवयीने, मग दुसरं घर नव्हतं म्हणून. वर्षाने ते उत्तम गुणांनी पास झाले, पण तोवर योहानचे गुडघे गेले होते आणि त्याने आपली जागा दादांना देऊ केली. दादा राहिले. सुट्टी काढून साताऱ्याला गेले, लग्न करून वहिनींना घेऊन आले आणि पुन्हा दगडापाशी ओणवे झाले. दगड सपाट करताना जी कोरडी धूळ उडते, ती वर्षानुवर्षं छातीत बसते. योहानचा बाप त्यानेच गेला होता. असा जोर मारणारा, बर्फात आंघोळ करणारा माणूस तिसऱ्या पायरीवर थांबायला लागला, तेव्हा मी मनात हिशेब मांडला तो सरळ होता. लिंबू नसतं तर डाग नसता. डाग नसता तर ते त्याच हिवाळ्यात बोटीत बसले असते...

गेल्या रविवारी मी वहिनींना भेटायला गेलो. स्वयंपाकघरात त्यांनी चहा ठेवला. जो प्रश्न दादांना विचारायचा होता, तो मी त्यांच्यासमोर बोलून टाकला. वहिनींनी हातातली गाळणी खाली ठेवली.

"अहो भाऊजी, एवढी वर्षं तुम्ही हे उरावर घेऊन हिंडताय? तो डाग आणखी तासाभरात निघाला असता. यांनीच मला सांगितलं होतं. मुद्दामच दगड खाली ठेवला म्हणाले."

"मुद्दाम?"

"परत जायचंच नव्हतं यांना. जीव इथल्या दगडात अडकलेला. पण मामंजींना तसं लिहायची छाती नव्हती हो! दोन हातांत दोन पट्टे फिरवणारा माणूस, वडिलांपुढे मांजर. 'नापास झालो, राहावं लागतंय,' असं लिहून मोकळे झाले."

"मग मला कधी का नाही सांगितलं?"

वहिनी हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांशी गेला. "मी विचारलं होतं की. तर म्हणाले, सांगितलं तर पदवीधर रविवारचा यायचा बंद होईल."

हे खरं असेल. किंवा कधीतरी मी वहिनींना हे विचारणार, हे ओळखून दादांनी ही गोष्ट त्यांच्याजवळ माझ्यासाठी ठेवून दिली असेल. दोन्ही त्यांना शोभणारं आहे. मी आता ठरवायचं सोडून दिलं आहे.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. दोन महिने बहिणीकडे राहून कालच परतल्या होत्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाव कापायची सुरी होती. "मिस्टर मोहिते घरी आले का? पुन्हा बोथट झाली," त्या म्हणाल्या. वहिनींनी हळू आवाजात सांगितलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्या सुरी मागे घेऊ लागल्या, जणू तिची लाज वाटावी.

"राहू द्या," मी म्हणालो. "गुरुवारी न्या."

"गुरुवारी कशाला?" वहिनी मला मराठीत म्हणाल्या. "हे त्याच संध्याकाळी द्यायचे."

खिडकीखाली त्यांचा बुटका स्टूल होता, आणि शेजारी पाण्याच्या वाडग्यात दगड. वाडग्यातलं पाणी ताजं होतं. वहिनी रोज बदलत असाव्यात. मी स्टुलावर बसलो. तो मला ठेंगणा होतो, गुडघे छातीशी येतात.

"संध्याकाळी या," मी बाईंना सांगितलं, आणि शर्टाच्या बाह्या दुमडायला घेतल्या.