आधी जेवलीस का, एवढंच विचारीन

मने, ये, अशी जवळ सरक बघू. आणि आधी ते मनगट सोड. तू पुण्यात, मी नांदेडात, तरी तुझी बोटं कुठं आहेत ते मला इथून दिसतंय.

तू गेलीस तो दिवस आठवतो का? ट्रॅव्हल्स सुटायला आलेली. खिडकीतून तुला धपाट्याचा डबा दिला आणि गाडी हलली तसा मी हात वर केला. तुझा काही वर आला नाही. तुझा एक हात दुसऱ्या हाताची नाडी धरून बसला होता. बहिणीची लेक, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली, आणि निरोपाला तुझा हात मोकळा नाही म्हणजे काय गं? घरी येईस्तोवर माझीच छाती धडधडत होती.

घर सोडणं काय असतं ते मला नवं नाही. शिरूर अनंतपाळच्या बाजूचं आपलं गाव सोडून लग्नानंतर इथं आले, तेव्हा माझ्याबी छातीत कबुतर कोंडल्यागत व्हायचं. भाजी निवडता निवडता वाटायचं, आता आपण जातो. डॉक्टरनं नळी लावून ऐकलं, काही नाही म्हणाला. मग माझी आई, तुझी आजी, गाठोडं घेऊन आली, माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "पाय नांदेडला आले, जीव आजून गावच्या तुरीत हाय. दोघांची गाठ पडंस्तोवर धडधडणारच." मला तेवढं पुरलं. पण तवा घड्याळ नुसती वेळ सांगायचं. आता तुझ्या हातातलं घड्याळ ठोके सांगतं, झोप सांगतं, आणि मोबाईल उघडला की तिशीच्या आत कोण कसं गेलं त्याचे व्हिडिओ येऊन राहिलेत.

तुझी भीती खोटी आहे असं मी कधीच म्हटलं नाही. ऑफिसातला तुझ्या वयाचा मुलगा जिना चढता चढता पडला तो उठलाच नाही. तेव्हापासून तुझं सुरू झालं. फोनवर म्हणालीस, "मावशी, छातीत कसंतरीच होतंय. आईला सांगू नको." मी काय आजीसारखं एका वाक्यावर भागवलं नाही. इकडं बोलावलं, दवाखान्यात नेलं, ईसीजीची पट्टी काढली, इको केला. तू आत होतीस तोवर बाहेरच्या बाकड्यावर मी महादेवाला काय काय कबूल केलं ते त्यालाच माहीत.

डॉक्टरीण बाई चांगली होती. म्हणाली, हृदय ठणठणीत आहे. धडधड खरी आहे, पण ती भीतीची आहे. कॉफी कमी कर, झोप घे, भीतीसाठीबी डॉक्टर असतात, त्यांना भेट. आणि चालताना छातीत दाबून आलं, चक्कर येऊन पडलीस, घाम फुटला, तर मात्र विचार करत बसू नका, तडक या. बाहेर आल्यावर तू दोन उसाचे रस प्यालीस. कितीक दिवसांनी हसलीस.

आणि तिथंच आपली माणसं आडवी आली; दवाखान्यात कुणीतरी बघितलं आणि बातमी सगळ्यांपर्यंत, तुझ्या आईपर्यंतबी, पोचली. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे केळी घेऊन जायचं, आणि त्याच आजारानं कोण कोण गेलं ते सांगून यायचं. माया लई, पण बोलणं असं. मामीनं चपला काढायच्या आधीच सुरुवात केली, "आमच्या गल्लीतला पोरगा, पैलवानागत अंग, चहा पिता पिता मान टाकली बघ." धोंडीकाका तर पुढं सरकून विचारतात, "तुझंबी डावीकडंच दुखतंय न्हवं?"

तू म्हणालीस, "काका, तुम्ही आल्यापासून उजवीकडंबी दुखून राहिलंय."

सगळे हसले. मीबी हसले. पण तुझा हात मनगटावर गेलेला मी बघितला. दुसऱ्याच दिवशी सुट्टी उरलेली असून तू ती गाडी धरलीस. पुण्याला जाऊन पुन्हा पट्टी, पुन्हा इको. रिपोर्ट चांगला आला की चार दिवस बरी, मग पुन्हा तेच.

मागच्या येळवशीच्या अमावास्येला तू आली नाहीस. गावाकडं शेतात बसायला कडब्याची कोप उभी राहिली, सगळ्या भाज्यांची भज्जी झाली, बाजरीचे उंडे झाले, आंबिलीचं मडकं भरलं. तुझी आई सारखी बांधावरून रस्त्याकडं बघत होती. "सुट्टी न्हाई म्हणे पोरीला," असं सगळ्यांना सांगत होती. मला माहीत होतं, सुट्टी होती. कोपीत बसलेली सगळी तोंडं एकच विचारतील, "छाती कशी हाय?" त्या भ्यानं तू आली नाहीस. ज्या अमावास्येला वाटेवरच्या माणसालाबी हाताला धरून जेवायला बसवतात, त्या दिवशी आपलीच लेक तिकडं एकटी, नाडी धरून.

म्हणून मी आता सगळ्यांना फोन करून बजावलंय. यंदाच्या येळवशीला जो कोणी छातीचं नाव काढील त्याला आंबील मिळणार नाही. धोंडीकाका म्हणाले, "मग पोरीशी बोलावं तरी काय?" म्हटलं, "जेवलीस का इचारा. जमंल का तेवढं?" म्हणाले, "प्रयत्न करतो."

माझीबी फिकर गेली नाही गं. अवेळी तुझा फोन वाजला की हातातलं टाकून धावते. आधी तुझा श्वास ऐकते, मग 'हॅलो' म्हणते. इतकी वर्षं नांदेडात काढली, तरी घर म्हटलं की मला ती कोपच दिसते. तिथं बसल्यावर हात आपोआप पत्रावळीकडं जातो. तुझाबी जाईल असं वाटतं. नाही गेला तर नाही. भीती घेऊनच ये, तिलाबी वाढू.

तेवढी येळवशीला ये मने, आईला लई वाट बघायला लावू नको. आणि परत जाताना खिडकीतून हात हलवायचा. मागचा राहिलाय.