वाईच दम

कोणी घाई केली की काका पंजा उभा धरून म्हणायचे, "वाईच दम खा." चहावाल्यालाही, मलाही. गिरणीत वायरमन होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हा ते करी रोडला माझ्या वर्कशॉपमध्ये कामाला आले. तरी कित्येक वर्षं बजावत होते, "गिरण चालू झाली की मी जातलंय हां."

काकी वाइंडिंग खात्यात होत्या. कापसाच्या धुळीने छाती पार गेलेली. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, मग काका त्यांना उचलून बसवायचे. सत्तरीला टेकल्यावर एकदा मला म्हणाले, "मी नसलंय तर हिका कोण उठवतलो? खाटेक मोटर लाव."

ट्रकच्या वायपरची मोटर आणि बॅटरी आणली. सुलट फिरली की डोक्याकडची फळी वर, उलट फिरली की खाली. मोटरला हुकूम देणाऱ्या चिपचा प्रोग्राम माझा, बाकी सगळं काकांचं. चिपच्या एवढ्याशा करंटवर असली मोटर हलत नाही, म्हणून मध्ये चार दणकट ट्रान्झिस्टर. दोन चालू झाले की सुलट, दुसरे दोन झाले की उलट. मी सांगितलं, "दिशा बदलताना मध्ये थांबायचं. चारही एकदम चालू झाले तर शॉर्टच."

"म्हणजे वाईच दम खावक व्हयो," काका खूश झाले. त्यांच्या हट्टापायी मी तो थांबा गरजेपेक्षा लांबच ठेवला.

पहिल्या चाचणीत मोटर भलतीकडे फिरली. काकांनी गिरणीच्या सवयीने दोन वायरींची अदलाबदल केली. तिथे मोटरला तीन वायरी, त्यातल्या कुठल्याही दोन बदलल्या की ती गुमान उलटी फिरते. इथे बदलल्या त्या नेमक्या बॅटरीच्या. ट्रान्झिस्टर खल्लास, चिपही गेली. मी चांगलाच तडकलो. काका धुराकडे बघत राहिले.

"चुकला माझा. गिरण न्हय ही."

त्यानंतर गिरण चालू झाल्यावर जायची गोष्ट त्यांनी कधी काढली नाही.

नवा बोर्ड बसवला. काकी स्वतः बटण दाबून उठून बसल्या. काका मागे हात बांधून बघत होते. "आता मी मोकळो," म्हणाले. मला ते अजिबात आवडलं नाही. पुढचे गणपती त्यांनी पाहिले नाहीत.

नंतर एकदा भोईवाड्यात त्यांच्या घरी गेलो. काकी खाटेवरच होत्या. फळी खाली जाता जाता त्यांनी वर यायचं बटण दाबलं. मोटर थांबली. मग फळी वर येऊ लागली.

"काकी, मधला थांबा उगाच लांब आहे. कमी करतो, लवकर उठाल."

काकींनी पंजा उभा धरला.

"रवांदे रे. ह्यांचो दम आसा तो."