पाचवी बाटली

भिवातात्या कुणाच्याही घरचं पाणी आधी हुंगत, मग उजेडात धरून बघत आणि मगच पीत. यजमान समोर उभा असला तरी. सुरगाण्याकडच्या त्या पाड्यावर विहिरीत आणि टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायचं काम त्यांचं होतं. मी उपकेंद्रात नवा आरोग्यसेवक. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या हातातल्या बाटलीकडे बघून विचारलं, कुठं भरली? नाशिकला, म्हटल्यावर मान हलवली. "निवळ दिसलं म्हंजी चांगलं हाय, असं नाय सायेब."

विहिरीवर त्यांचा संशय, हातपंपावर संशय, टँकरवाल्याबद्दल तर खात्रीच. पावडरीत कुणीतरी चुना मिसळतं, असंही ते म्हणत. मी पाणी न बघताच वहीत सह्या ठोकतो, असा माझ्यावर वहीम होता आणि तो अगदीच खोटा नव्हता.

त्या उन्हाळ्यात त्यांची चार वर्षांची नात मंगली जुलाबांनी निपचित पडली. तिला ग्रामीण रुग्णालयात सलाइन लावली. इकडे तात्यांनी विहिरीभोवती बोरीच्या काट्या लावून ती बंद केली. पाड्यावरची कमळाबाई तिथं तिच्या लेकराचे कपडे धुते, तिनंच पाणी नासवलं, असं ते चारचौघांत बोलू लागले. मी धुणं ओढ्यावर नेते, असं ती रडून सांगत होती. कुणी ऐकेना, तिच्याशी कुणी बोलेना.

मी तपासणीच्या बाटल्या आणल्या. त्यांत औषध असतं, पाणी भरून ठेवलं की एक-दोन दिवसांत दूषित पाणी काळं पडतं. विहीर, हातपंप, टाकी आणि टँकर अशा चार बाटल्या मी फळीवर मांडल्या. तात्यांनी एक रिकामी बाटली मागून नेली आणि संध्याकाळी पाचवी भरून आणली. कुठली, ते सांगेनात.

तिसऱ्या दिवशी चारही बाटल्या होत्या तशाच होत्या. पाचवी काळी ठिक्कर. तात्या खाली बसले. "माझ्या घरच्या माठातली हाय," म्हणाले. त्यांच्याकडे पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं नव्हतं, जो तो बोटांसकट पेला बुडवी.

मी म्हटलं, विहीर चांगली निघाली एवढंच सांगू, माठाचं कशाला काढायचं? त्यांनी ऐकलं नाही. काट्या स्वतः काढल्या आणि बाया पाण्याला जमल्यावर ती काळी बाटली घेऊन कमळाबाईसमोर उभे राहिले.

"हिरीत दोष नाय. माझ्या माठात हाय. तुझ्यावर आळ घेतला, माझं चुकलं."

कमळाबाई हंडा भरून निघून गेली.

मंगली बरी झाली. तात्या मागच्या वर्षी गेले. मी आता नाशिकला राहतो. पाण्याला जरा वास आला की सोसायटीच्या टँकरवाल्याशी तावातावाने भांडतो. घरच्या माठातलं पाणी बाटलीत भरून ठेवायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही.