सत्यभामाबाईंच्या कमरेचा जुडगा

अड्याळच्या त्या गल्लीत सत्यभामाबाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. कमरेला खोचलेला चाव्यांचा जुडगा पावलागणिक खुळखुळे. त्यात स्वतःच्या घराची चावी एकच. बाकीच्या सगळ्या, गल्लीतल्या बंद घरांच्या. पहिली दिली सुलोचनाबाईंनी, मुलाकडे नागपूरला जाताना. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी भिलाईला, आणि प्रत्येकजण जाताना बाईंच्या दारी थांबला. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. घरं उघडायची, झाडायची, उंदीर-वाळवी बघायची. कमरेवर काळा घट्टा पडला होता. लेकीकडे जायचा बेत तर "मागं कोनी आलं तं?" म्हणून दरवेळी मोडायचा.

वैशाखात मात्र नातीचं, गुंजनचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा ठरला. बाई लेकीच्या गावी, नाकाडोंगरीला गेल्या, जुडगा घेऊनच. पंगतीत पहिला घास घेतला आणि फोन वाजला. गल्लीतले पुंडलिकराव पुण्याहून न कळवता आले होते.

"बाई, दारापुढं उभा हावो. चावी पायजे होती."

बाई पानावरून उठल्याच. "अड्याळकडची बस कधी हाय वं?"

लेक चंदा वाढता वाढता थांबली. "माय, नातीचं साक्षगंध सोडून कोनाच्या घरासाठी पळून राह्यली तू?" तिनं फोन घेतला. "काका, कुलूप फोडा. माय आज येत नाही."

पुंडलिकराव हसले. "फोडतो ना! गंजलंच हाय ते. बाईले जेवू दे, पोरी."

बाई परत बसल्या. इतकी वर्षं जिवापाड जपलं, ते एका दगडानं उघडत होतं. डोळे भरून आले. पाहुण्यांना वाटलं, नातीसाठी.

बाई गावी परतल्यावर पुंडलिकरावांनी नव्या कुलपाची चावी पुढे केली. बाईंचा हात उठला नाही.

"शेजारी श्यामरावकडं ठेवा. माही कमर दुखते."

बोलून त्या स्वतःच दचकल्या.

"मंग आधी काहून नाही सांगतलं, बाई?" पुंडलिकराव ओशाळून म्हणाले.

खरंच, सांगितलंच नव्हतं कधी. मग बाईंनी एकेकाला फोन लावले, चावी दुसऱ्या कुणाकडे ठेवा म्हणून. एकजण रुसला, बाकीच्यांनी सोय केली. सुलोचनाबाई तेवढ्या म्हणाल्या, "तुह्याशिवाय कोनाले देऊ वं?" त्यांची चावी बाईंनी राहू दिली.

दिवाळीनंतर त्या चंदाकडे राहायला गेल्या. सुरुवातीला उठताबसता हात कमरेशी जाई. मग एका दुपारी अशा गाढ झोपल्या, की चहासाठी चंदाला त्यांना हलवून उठवावं लागलं.