भूल दिलेला साक्षी

हॉस्पिटलात तिला सगळे भूलबाई म्हणत. ऑपरेशनआधी भूल देणारी डॉक्टर ती. घरी तिचे सासरे होते, हयातभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेले. जेवताना त्यांची गाडी सुरू व्हायची. पश्चिमेकडच्या पुष्कळांनी देव जगाबाहेर बसवला, घडवणारा आणि पाहणारा. पूर्वेकडच्या काहींनी तो आतच शोधला: गाढ झोपेतही जागा राहणारा साक्षी, तोच देव. काहींनी तर सांगितलं, आत कुणीच नाही, नुसता प्रवाह.

"तुमच्या साक्षीला मी रोज झोपवते, बाबा," ती म्हणायची.

"तू शरीर झोपवतेस, सूनबाई. तो झोपत नाही."

मग सासऱ्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. भूल देणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिनेच दिली. सगळं सुरळीत पार पडलं.

घरी आल्यावर भेटायला आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना बाबा शांतपणे म्हणाले, "मी सगळं ऐकत होतो. सर्जन स्वतःच्या घराच्या गच्चीच्या गळतीबद्दल कुरकुरत होते. गवंड्याने फसवलं म्हणत होते."

विद्यार्थी भारावले. चहाचा ट्रे घेऊन आलेली भूलबाई दारातच थबकली. सर्जन खरोखरच गवंड्याला शिव्या घालत होते. म्हणजे भूल कमी पडली? म्हातारा माणूस चिरला जात असताना जागा होता? पण नाडी तर एकदाही उसळली नव्हती, ती स्वतः डोळ्यांत तेल घालून बघत होती. मग हे कुणीतरी त्यांच्या कानात घातलं असणार. तिला जो तो संशयित वाटू लागला. सर्जन? वॉर्डातली मावशी? की बाबांची व्याख्यानं भक्तिभावाने ऐकणारी थिएटरमधली सिस्टर?

दुसऱ्या दिवशी तिने सिस्टरला कोपऱ्यात गाठलं. "बाबांना गच्चीचं तुम्ही सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? सर्जनसरांचं रडगाणं रिकव्हरी रूममध्येसुद्धा चालूच होतं. तुम्ही पुढच्या पेशंटकडे गेलात, मी बाबांना जागं करायला हाका मारत होते आणि सर शेजारी उभं राहून तेच परत सांगत होते."

तिचा जीव भांड्यात पडला. पण घरी जाताना नवी शंका कुरतडू लागली: आपण हे शुद्धीवर येताना ऐकलं, हे बाबांना खरंच कळलं नसेल?

बाबा खिडकीशी बसले होते. तिने सरळ विचारलं, "ते तुम्ही नंतर ऐकलंत ना? शुद्धीवर येताना?"



"हो," ते म्हणाले. "त्याआधी काहीच नव्हतं गं. अंधारसुद्धा नाही. अंधार बघायला तरी कुणी लागतं ना? आयुष्यभर ज्याचे गोडवे गायले, तो जागेवर नव्हता. पोरांसमोर ते सांगायला जीभ रेटली नाही."

जिंकल्याचा आनंद तिला होईना. "तो नव्हता, की फक्त आठवण उरली नाही?" ती म्हणाली. "रोज भूल देते, पण हे मलाही सांगता येत नाही, बाबा."

त्यांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. "माझी समजूत काढतेस?"

"नाही. मला खरंच माहीत नाही."

त्या आठवड्यात बाबांनी विद्यार्थ्यांना पुन्हा बोलावलं आणि गच्चीची खरी हकिकत सांगून टाकली. दोघे उठून गेले, ते परत आलेच नाहीत. साक्षी नव्हता की फक्त आठवण उरली नाही, यावर उरलेल्यांशी बाबा दिवेलागणीपर्यंत भांडत बसले.