जाऊबाईची अर्धी गोळी

"श्वास घे गं थोरले! घे म्हणते ना!"

आणि थोबाडीत एक. मारणारी माझी धाकटी जाऊ. मी जीपच्या मागच्या सीटवर आडवी, डोकं तिच्या मांडीवर, ओठ जांभळे पडलेले. पायाशी सून रडत होती. मला हे ऐकू येत होतं, पण लांबच्या वावरातून कुणी हाक मारावी तसं. घे म्हटलं की मी श्वास घेत होते. ती गप्प बसली की विसरत होते. दुखत मात्र काहीच नव्हतं. कैक वर्षांनी पाठ गप्प झाली होती.

मला साखर आहे, बीपी आहे. साखरेमुळं तळपायांची आग होते, तिची एक गोळी वेगळी. त्यात मणका झिजलेला. साध्या गोळ्यांना तो दाद देईना, म्हणून जालन्याच्या डॉक्टरनं नवीन चिकटपट्टी दिली. पाठीवर लावायची, आठवडाभर काढायची नाही, औषध कातडीतून हळूहळू आत जातं. अफूच्या जातीचं आहे, जपून वापरा, असं तो म्हणाला. "आजी, आणखी कोणत्या गोळ्या घेता?" हेही त्यानं बराबर विचारलं. मी माझ्या सगळ्या सांगितल्या. जाऊबाईची सांगितली नाही. ती माझी कुठं होती? ती तिच्या नावावर होती.

आमच्या दोन घरांत औषध विरजणासारखं चालतं. मधल्या भिंतीवरून वाटी येते तशी गोळी येते. माझी पित्ताची तिच्याकडं जाते, तिची झोपेची माझ्याकडं येते. तीही अर्धीच. पुरी द्यायला तिचा हात कधी धजला नाही. तेवढ्या कंजूषपणानंच मी वाचले, असं मी तिला आता सांगते.

पट्टी लावून दुसरा दिवस होता. थंडी होती, रात्रभर डोळा लागला नव्हता आणि पाठ अजून ठणकत होती. जेवणं झाल्यावर जाऊ आली. पदर बाजूला करून पट्टी बघितली आणि हसली.

"बाई, तुमची पाठ केवढी अन् हा कागद केवढा! यानं काय व्हायलंय?"

"डॉक्टरनं दिल्ती."

"डॉक्टरला काय, त्याची पाठ थोडीच दुखती? थांबा."

तिनं अर्धी गोळी हातावर ठेवली. चुलीतली वीट काढून जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि पट्टीच्या बरोबर वर ठेवून शेक दिला. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. ती मेथी निवडत बसली, मी घोरायला लागले. मग घोरणं बंद पडलं.

"त्यानंच मी भेले," ती नंतर म्हणाली. "लग्न होऊन आले तवापासून तुमचं घोरणं ऐकून राह्यले. मधीच बंद पडलं असं कधी झालं न्हाई."

दवाखाना जाफराबादला, आणि तिकडं जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही. लग्नाला निघालेलं वऱ्हाडसुद्धा ड्रायव्हर ताटकळत ठेवतो. त्या दिवशी त्यानं बसलेली माणसं उतरवली आणि माझ्या एकटीसाठी गाडी काढली.

अर्ध्या वाटेत थापडांचा असर संपला. मी श्वास घेईना. तेव्हा जाऊबाईनं हंडा काढला. सासूनं जाताना तांब्याचा हंडा कुणाला दिला, यावर आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो.

"हंडा माझा होता, थोरले. तू चोरला!"

जीभ लाकडासारखी झाली होती. तरी मी म्हणाले, "खोटारडे."

"हां, बोल! आणखी बोल!"

"मला... दिल्ता."

बोलायचं तर आधी श्वास घ्यावा लागतो. हे तिच्या ध्यानात आलं आणि मग तिला कोण आवरणार? हंडा झाला, सासूच्या पाटल्या झाल्या, माझ्या माहेरानं दिलेली विरळ लुगडी झाली. शेवटी म्हणाली, "तुझी पुरणपोळी तव्यावर फाटती." तिथं मी डोळे उघडले.

दवाखान्यात नाकाला नळी लावली, पट्टी सोलून काढली आणि उतारा म्हणून इंजेक्शन दिलं. मी जागी झाले तशी पाठही जागी झाली आणि बोंबलायला लागली. पट्टी काढली तरी कातडीत मुरलेलं औषध अंगात येतच राहतं, म्हणून मला ठेवून घेतलं.

तिथली डॉक्टरीण नातीच्या वयाची. म्हणाली, "पट्टी, झोपेची गोळी आणि पायाच्या आगीची गोळी, तिन्ही श्वास मंद करतात. तिन्ही एकत्र आल्या. वर विटेनं शेक दिलात, म्हणजे पट्टीतलं औषध भसकन आत गेलं. पट्टीला ऊन, शेक, गरम पाणी काही लागू द्यायचं नाही. आणि डॉक्टरनं विचारलं की पोटात जातं ते सगळं सांगायचं. गोळी कुणाच्याही नावावर असो."

दारातून जाऊ म्हणाली, "तंबाखू बी?"

"तंबाखूपण."

"मंग हिला सांगायलाच दिवस लागंल," असं म्हणून तिनं माझी मिसरीची डबी कनवटीला खोचली. ती अजून परत आलेली नाही.

पुढं जालन्याच्या डॉक्टरकडं आम्ही दोघी गेलो. दोन्ही घरांतल्या गोळ्या एकाच पिशवीत नेल्या आणि त्याच्या टेबलावर ओतल्या. त्यानं एकेक पाकीट उचलून वाचलं. मग त्यानं पट्टी हलकी केली, पायाची गोळी कमी केली आणि जाऊबाईची बिलकुल बंद केली. तिलाही माझी पित्ताची बंद झाली, त्याचा राग तिनं आठवडाभर माझ्यावर काढला.

पाठ अजून थोडी दुखते. दुखू दे. दुपारी मी आडवी झाले की जाऊ येते आणि माझ्या नाकापुढं हात धरून बघते. मी डोळे न उघडता म्हणते, "हंडा माझा आहे."

ती हात काढते आणि मेथी निवडायला बसते. तिच्या लेखी मी आजही जगले.