नाव कापलेल्या गोळ्या

संध्याकाळी आम्ही दोघांनी तुरीच्या शेंगा उकडून खाल्ल्या. माझी बायको कुसुम म्हणाली, "मीठ जास्त झालं." मी म्हणलं, "तूच टाकलं." मग तिनं गोळ्या, औषध घेतलं अन् झोपली. सकाळी हलवलं तर उठेना. घोरत होती, पण ओठ निळे.

मी घाटंजीत मेडिकलच्या दुकानात कामाले आहो. शिक्षण चौथी. गिऱ्हाईक म्हणते दोनच द्या, मी कैचीनं स्ट्रिप कापून देतो. नाव एका टोकाले छापलेलं असते. ज्याच्या वाट्याले आलं त्याचं. घरीही तसेच तुकडे आणायचो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काका, यांनी काय घेतलं?"

मी दोन तुकडे पुढे केले. "ही झोपेची, इथल्या डॉक्टरची. ही घाबरं होते म्हणून यवतमाळच्या डॉक्टरनं देल्ली. अन् खोकल्याचं औषध."

"यावर नावं कुठं आहेत?"

"कापली."

"कोणी?"

"म्या."

बाईनं दुकानात फोन करून नावं काढली. "काका, दोन्ही एकाच जातीच्या. मेंदू हळू करतात. फिट आली तर अशीच गोळी जीव वाचवते. पण दोन एकदम, वरून ते खोकल्याचं औषध, तर श्वासही हळू होतो. झोपेची गोळी चालू आहे, हे यवतमाळच्या डॉक्टरला सांगितलं नाही?"

"त्यानं विचारलं होतं. मीच म्हणलं, साधी गोळी आहे. मेडिकलातला माणूस ना मी."

दुपारी कुसुम गेली.

मी बाईले विचारलं, "गोळीनं गेली, का डॉक्टरमुळं, का माझ्यामुळं?"

"त्यांना दमाही होता. सगळं मिळून झालं, काका."

सगळं मिळून म्हंजे कोण? मले अजून उमजलं नाही. एवढंच सांगतो, कापून घ्या, पण गोळीचं नाव लिहून मागा. दुकानदार चिडते. चिडू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. सुतकात कोणाच्या घरी जात नाहीत. पण त्या आठवड्यात तीच झोपेची गोळी कापून दिलेली पाच घरं आठवत होती. पहिल्या घरी बाहेरूनच हाक मारली.

"अवो भाऊ, कालच वहिनी गेल्या, अन् तुम्ही इथं कायले?"

"आत येत नाही, बाई. माझ्याकडून नेलेल्या गोळ्या आणा. पेनही आणा."

पुडीवर गोळीचं नाव लिहून देल्लं. अक्षर वाईट आहे, पण वाचता येते. चार घरं झाली. पाचव्याले कुलूप होतं. मी ओट्यावर न चढता खालीच उकिडवा बसून त्यांची वाट पाहत राह्यलो.